अंगणातली पंच

दीपमालाबाईंची सून पौर्णिमा मेथी निवडताना खुनाच्या गोष्टी ऐकत असे. बातम्या ऐकत निवडली तर भाजीत काड्या राहतात, खून ऐकत निवडली की कशी लख्ख निघते, असा तिचा अनुभव होता, आणि अमरावतीच्या त्या फ्लॅटात अनुभवाला विरोध करायची रीत नव्हती. दर रविवारी एक खुनी बाई. परातीला टेकवलेल्या मोबाइलमधून पुण्याकडची एक मुलगी, पुरण किती शिजू द्यावं हे सांगावं तशा गोड आवाजात, कोणी नवऱ्याला कसं कायमचं निजवलं, कोणी दिराला कुठं पुरलं, हे सांगे. शेवटी तुम्हाला काय वाटलं ते खाली लिहा म्हणे, आणि लोक लिहीत. दीपमालाबाई पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. त्या पेपरआड बसून, ऐकत नसल्यासारखं करून सगळं ऐकत. पस्तीस वर्षं साहेबांचं बोलणं असंच ऐकल्यामुळे त्यांना ते जड जात नसे. त्या रविवारची बाई मात्र अकोला जिल्ह्यातली निघाली. अकोटकडचं गाव, शेतकरी नवरा, फवारणीचं औषध, २००८ साल. पेपर जरा खाली आला. "आणि मग," मोबाइलमधली मुलगी म्हणाली, "रागिणी स्वतः स्वयंपाकघरात गेली, आणि महिला पंचाच्या डोळ्यांदेखत तिनं तुरीच्या डाळीच्या डब्यातून ती बाटली काढून दिली. ही पंच म्हणजे एक साधी सरकारी कर्मचारी. वकिलांनी तिला तासभर उलटंपालटं केलं, पण ती हलली नाही. रागिणीला जन्मठेप झाली ती या एका बाईच्या धैर्यामुळे."

"पाहा आई," पौर्णिमा काडी मोडत म्हणाली, "अशा बाया पायजेत. नाई तं आपल्याकडे साक्ष द्याची म्हटलं का लोक घराले कुलूप लावून पळतेत."

"हो ना," दीपमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी निधनवार्तांचा रकाना तिसऱ्यांदा वाचायला घेतला.

ती धैर्यवान बाई त्या स्वतः होत्या, आणि त्या स्वयंपाकघरात त्यांनी कधीच पाऊल ठेवलं नव्हतं. ही गोष्ट सोळा वर्षं त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. नवरा होता तोवर त्याला नाही, मुलगा नितेशला नाही, स्वतःलाही अगदी स्पष्ट शब्दांत नाहीच. सरकारी कागदात जसं 'सदर बाब विचाराधीन आहे' असं लिहून फाइल बांधून ठेवतात, तशी ती त्यांनी बांधून ठेवली होती. आणि तशा फायलींचा स्वभाव असतो की त्या सापडायला नको तेव्हा नेमक्या हाताशी येतात. मोबाइलवर शेवटी बाईचं आजचं घर दाखवलं. शिक्षा भोगून ती गेल्या वर्षी सुटली होती, अकोल्यात विद्यार्थ्यांना डबे पुरवत होती. तिचा चेहरा धूसर केला होता, कारण खाजगीपण जपायला हवं. मागची पाटी मात्र ठळक होती, 'रागिणी घरगुती डबे, जठारपेठेमागे', आणि खाली दहाच्या दहा आकडे. दीपमालाबाईंनी ते आकडे लक्षात ठेवायचे नाहीत असं ठरवलं, आणि त्यामुळेच ते पाठ झाले.

त्या दिवसापासून त्यांना कुठं बसवेना. बसल्या की उठाव्याशा वाटत, उठल्या की कशाला उठलो ते आठवेना. कपाट उघडून त्या उभ्या राहत, आतल्या साड्या त्यांच्याकडे बघत, त्या साड्यांकडे बघत, मग कपाट बंद होई. उजव्या पायाचा घोटा ठणकायला लागला. डॉक्टरनं दाबून पाहिला आणि काही नाही म्हणाला, आणि काही नसल्याची फी घेतली. रविवारी विहारात वंदनेला बसल्या की पंचशीलातलं पहिलं शील त्या खणखणीत म्हणत, जीवहत्या आपण केलेली नव्हती. चौथं आलं, 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, की त्यांना खोकला येई. हा खोकला सोळा वर्षांचा होता. शेजारच्या माणिकबाई त्याच्यासाठी पर्समध्ये लवंग ठेवत आणि बरोबर त्या ओळीला ती पुढं करत. या रविवारी खोकला चौथ्याची वाट न बघता दुसऱ्यालाच आला, आणि माणिकबाई लवंग शोधत राहिल्या.

२००८ साली त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि तालुक्याच्या गावी बदलीवर होत्या. ऑफिस पोलीस ठाण्यासमोर. बाईमाणसाची झडती असली, बाईच्या घरात काही सापडायचं असलं, की ठाण्यातून चिठ्ठी येई: पंच म्हणून एक महिला कर्मचारी पाठवावी. दीपमालाबाईंचं टेबल दाराजवळ होतं. कायद्यात पंचाची पात्रता काय लिहिली आहे ते कोणी बघितलं नव्हतं, पण त्या ऑफिसात ती टेबल दाराजवळ असणं ही होती. हातभट्टीच्या धाडी, चोरीच्या साड्या, एकदा तर एक पाटली जिच्यावर दोन बाया हक्क सांगत होत्या; असे अकरा पंचनामे त्यांनी केले होते. केले म्हणजे खाली सही केली होती. वरचा मजकूर हवालदार नत्थुजी आधीच लिहून आणत, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं आणि जागेवर लिहायला टेबल नसे. "मॅडम, तुमी फक्त या," ते म्हणत, "बाकी कायदा मी पाहतो." हा बारावा. ऑगस्ट महिना, जीप चिखलातून चाललेली, आरोपी बाई महिला शिपायासोबत मागच्या गाडीत, आणि पुढच्या जीपमध्ये दीपमालाबाईंच्या पायाशी पेपरात गुंडाळलेलं काहीतरी, जे प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या घोट्यावर येऊन आपटत होतं. "नत्थुजी, हे काय हो?" "काई नाई मॅडम, औषध हाय." ऑगस्टमध्ये वऱ्हाडातला अर्धा माणूस फवारणीचं औषध घेऊनच हिंडत असतो. नत्थुजींचीही चार एकर होती. दीपमालाबाईंनी पाय बाजूला घेतला आणि पुढं काही विचारलं नाही. न विचारणं हेही नोकरीत येतंच.

इथपर्यंतची आठवण त्या कितीही वेळा काढू शकत. इथून पुढची आली की त्या उठून गॅस पुसायला लागत. घर मातीचं, सारवलेलं, पुढं कडुनिंब. रागिणीला गाडीतच ठेवलं होतं, कारण उतरवलं असतं तर गावानं कायदा हातात घेतला असता आणि नत्थुजींना तो स्वतःच्या हातात हवा होता. नत्थुजी आत निघाले, मागं दीपमालाबाई. कडक इस्त्रीची साडी, हातात पॅड, बी.ए. दुसऱ्या वर्गात, आणि मनात बाप, जो एकोणिसाव्या वर्षी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता आणि गावात परत शिरताना ज्याने पहिल्यांदा मान वर ठेवली होती. स्वयंपाकघराच्या दारात मेलेल्या माणसाची आई उभी होती, पार्बताबाई. तिचा एकुलता एक मुलगा जाऊन दहा दिवस झाले होते, सून गाडीत बसली होती, डोळे सुजून फुगले होते. तिनं दीपमालाबाईंकडे पाहिलं. "ह्या बाई कोणाच्या?"

"पाटबंधाऱ्याच्या," नत्थुजी म्हणाले.

"तसं नाई. कोणाच्या?"

कोणी अडवलं नाही; हे दीपमालाबाईंनी सोळा वर्षांत हजारदा तपासून पाहिलं होतं, कोणाचा हात आडवा आला नव्हता. पाय आपले आपण थांबले. कायद्याने त्या घरात शिरायचा हक्क त्यांच्या हातातल्या पॅडवर होता, आणि पाय कायदा न शिकलेले निघाले. आजीचे पाय होते ते, कदाचित पणजीचे. "बसा मॅडम सावलीत," नत्थुजी हलक्या आवाजात म्हणाले, आणि ते दयेनं म्हणाले हेच जास्त लागलं. "मी आणतो." त्या कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसल्या. पाच मिनिटांनी नत्थुजी बाटली घेऊन आले. बाटलीवर पेपर नव्हता.

म्हणून सांगायची तरी कोणाला? आत गेले नाही म्हटलं की पुढचा प्रश्न काऊन गेल्या नाही हा. खोटं बोलले हे कदाचित सांगता आलं असतं. उंबऱ्याशी थांबले हे नाही. आणि कोर्टात, हे तर फारच आतलं, कोर्टात पिंजऱ्यात उभं राहून त्या म्हणाल्या, "मी आरोपीच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले," तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. खोटं बोलल्यासारखं नव्हेच, चुकीची नोंद दुरुस्त केल्यासारखं. न्यायाधीशांनी सांगितलं, टंकलेखकानं टाइप केलं, आणि सरकारदरबारी त्या पार्बताबाईंच्या स्वयंपाकघरात शिरल्या, चपलेसकट. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "डबा पाहिला म्हणता, तर झाकण कसं होतं सांगा." दीपमालाबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "पत्र्याचं. जरासं वाकडं होतं." वऱ्हाडात पत्र्याच्या डब्याचं सरळ झाकण त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. डबा समोर ठेवला. झाकण वाकडं होतं. वकील खाली बसला.

बरं, मारलं तर तिनंच होतं. याच एका खुंटीवर दीपमालाबाईंची सोळा वर्षं टांगलेली होती. गावाला माहीत होतं, डॉक्टरच्या कागदात होतं, ती स्वतःही कोर्टात नाही म्हणाली नाही. नुसती गप्प राहिली. पण खुंटीवर किती वजन ठेवावं? समजा, तिनं मारलंच नसेल. ही 'समजा' रात्रंदिवस पिठात अळी फिरावी तशी फिरायला लागली. आणि सांगितलं तर काय होईल? खोट्या साक्षीबद्दल निवृत्त कर्मचाऱ्याचं निवृत्तिवेतन रोखता येतं का, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. दुसऱ्यांना त्याच तर समजावून सांगत. नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात नितेशची बढती अडकली होती. पौर्णिमा 'अशा बाया पायजेत' म्हणाली होती. नोव्हेंबर लागला, हयातीचा दाखला द्यायचा महिना. त्यांनी सुनेला सांगितलं, दाखल्याच्या कामाला अकोल्याला जाते. "आई, तो तं इथल्या बँकेत बी होते न." "तिथं माझं जुनं खातं आहे," त्या म्हणाल्या, आणि हेही खोटं किती सहज निघालं याचं त्यांना बस बडनेऱ्यातून बाहेर पडेपर्यंत आश्चर्य वाटत राहिलं.

मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी तीनदा उतरायचं ठरवलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या पाठी, तुरीला पिवळा फुलोरा. आणि खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा, त्यातून झाडं पळत होती. काय सांगायचं त्याचा मसुदा त्या मनात करत होत्या. 'आपणांस कळविण्यात येते की' असा तो सुरू होई आणि तिथंच अडे. बोरगाव मंजूला शेजारी एक म्हातारी बसली आणि तिनं विचारलं, "कोणाच्या घरी चालल्या, बाई?" दीपमालाबाईंना घाम फुटला. "ओळखीच्या," त्या म्हणाल्या. म्हातारीचं समाधान झालं.

घर म्हणजे एकच लांबट खोली, दाराशी शेगडी, आत मांडणीवर चकाकणाऱ्या डब्यांची रांग. एक ठेंगणी, मजबूत बाई कणीक तिंबत होती. केस अर्धे पांढरे. तिनं मान वर न करताच विचारलं, "डबा पायजे? पोट्ट्यासाठी? एका टायमाचा का दोन?"

"डबा नको. मी दीपमाला. पाटबंधाऱ्यातली."

कणकेतले हात थांबले. बाईनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "पंच," ती म्हणाली.

"हो."

"मंग बाहीर कावून उभ्या? या न आत."

आत म्हणजे सरळ स्वयंपाकातच. दीपमालाबाई आत गेल्या. काही झालं नाही, पाय गेले. रागिणीनं पाट सरकवला, हात धुतले, चहा टाकला. आलं ठेचलं, साखर टाकली, उकळी आली, कप पुढं झाला. दीपमालाबाई कपाकडे बघत राहिल्या. वाफ येत होती. वास चांगला होता. त्यांना आठवलं, हिच्या नवऱ्याच्या पोटात काय सापडलं ते कागदावर त्यांनी वाचलं होतं, आणि तेव्हाही जेवायची वेळ होती.

"प्या," रागिणी म्हणाली. "फौजदाराच्या परीक्षेची तयारी करणारे अठ्ठावीस पोट्टे माह्या हातचं खातेत. एकाले बी काई झालं नाई. एक तं पास बी झाला."

"त्यांना माहीत आहे?"

"हाय न. त्या पुण्याच्या पोट्टीनं दाखवल्यापासून नऊ डबे वाढले. येतेत, दूरून पाहतेत, मंग म्हणतेत मावशी, भाजी मस्त असते तुमची." ती हसली. "तुमी पिऊन राहिल्या का नाई?"

दीपमालाबाईंनी घोट घेतला. गोड होता. "रागिणीबाई, मले एक सांगाचं हाय," त्या म्हणाल्या, आणि आपल्या तोंडून इतक्या वर्षांनी माहेरची बोली आली याचंच त्यांना आधी नवल वाटलं.

"थांबा. आधी मले इचाराचं हाय. सोळा वर्षं इचाराचं हाय, पण माणूसच भेटला नाई." रागिणी समोर मांडी घालून बसली. "मारलं मी. काऊन ते इचारू नका. जजनं इचारलं नाई, तुमाले बी सांगणार नाई. पण ते बाटली. मी काढून दिली म्हणून लिहिलं ते खोटं, मी तं गाडीतून उतरली बी नाई. जाऊ द्या, पोलिसाले तसं लिहाच लागते. पण बाटली डब्यात होती, हे तं खरं न? तुमी सोता पाहिली. मले सांगा, उभी होती का आडवी?"

"काऊन?"

"काऊन का मी ते डब्यात ठेवलीच नव्हती. घरामागं नाला हाय, तथी बेशरमाच्या झुडपात मी ते फेकली होती. आता हे कोर्टात कसं सांगू? जजसाहेब, हे बाई खोटं बोलून राहिली, खरी बाटली म्या नाल्यात फेकली, जाऊन पाहा! माह्या वकिलाले बी नाई सांगता आलं." ती पुन्हा हसली. "आधी वाटलं, पोलिसानंच ठेवली असन. पण मंग तुमी झाकण वाकडं हाय म्हणल्या. शिकलेली बाई, डोळ्यानं पाहिल्याबिगर असं सांगन का? मंग मी इचार केला. डब्यात आली कशी? फेकताना माह्या मागं एकच जण होतं. पायल. माही पोट्टी, नऊ वर्साची."

कडुनिंबाखाली शेजारी येऊन बसलेली एक मुलगी दीपमालाबाईंना दिसली. दोन वेण्या, एक सुटलेली. ती काही बोलली नव्हती. घरातून स्टीलच्या गिलासात पाणी आणलं होतं, दोन्ही हातांनी धरून, आणि पाणी पिऊन होईपर्यंत, आणि नंतरही, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ बसून राहिली होती. दीपमालाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. त्या स्वतःच्या पायांकडे पाहत होत्या.

"तिनंच काढली असन झुडपातून," रागिणी सांगत होती, "आजीच्या नजरेस पडावी म्हणून डब्यात ठेवली. बरोबरच केलं तिनं. बापाची पोट्टी होती. पण जिनं मले धरून दिलं तिच्याकडे मी माय म्हणून कशी पाहू? जेलात भेटीले आली, आजा घेऊन आला होता. मी नाई म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं आली, मी पाठ फिरवून बसली. मंग आली नाई. लगन झालं, धामणगाव रेल्वेले देली. पत्रिका आली होती. गेली नाई." तिनं कणकेवरचं फडकं नीट केलं. "म्हणून इचारते. उभी असन तं पोट्टीनं ठेवली; ते प्रत्येक वस्तू उभीच ठेवे. आडवी असन तं दुसरं कोणी. उभी का आडवी?"

'आडवी.' शब्द जिभेवर तयार होता, झाकणासारखाच, गुळगुळीत, बेमालूम. आडवी म्हटलं की झालं. पोरगी सुटली, आईचा जीव सुटला, निवृत्तिवेतन शाबूत, चहा संपवून चारची बस. असत्य इतकं परोपकारी होऊन त्यांच्याकडे याआधी कधी आलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि खोकला आला. थांबेना. रागिणीनं पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं. त्या पाण्यासकट त्या म्हणाल्या, "मले माहीत नाई. मी आत गेलीच नाई."

रागिणीचा हात पाठीवरच राहिला.

"तुमच्या सासूनं इचारलं, कोणाच्या. मी थांबली. ओट्यावर बसली. बाटली आमच्या जीपमधी होती, पहिल्यापासून, पेपरात. माह्या पायाले लागत होती. नत्थुजीनं आत नेली अन् बाहीर आणली. झाकण मी अंदाजानं सांगितलं."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होईना, दोनदा, तीनदा, मग झाली. रागिणी उठली. तिनं शेगडीवरची डाळ उतरवली, पुन्हा चढवली, गॅस बंद केला. शिव्या देईल, दीपमालाबाईंना वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. त्यांना वाटलं, आता पोलिसात चला म्हणेल, आणि त्यांनी पदर सावरून पायात चप्पल शोधली, जी त्यांनी बाहेर काढली होती.

"म्हणजे पोट्टीनं सांगितलंच नाई," रागिणी भिंतीला म्हणाली. "कोणालेच नाई. आजीले नाई, पोलिसाले नाई. पाहिलं अन् पोटात ठेवलं. अन् मी तिले पाठ दाखवली."

तिनं मांडणीवरून मोबाइल घेतला. बोटानं नाव शोधलं; नंबर साठवलेला होता, आणि तो एकदाही लावलेला नव्हता हे तिच्या बोटाच्या थांबण्यातून कळत होतं. "मले नाई बोलता येणार," ती म्हणाली, आणि घंटी वाजत असलेला मोबाइल तिनं दीपमालाबाईंच्या हातात कोंबला. "तुमी सांगा. कोर्टात सांगितलं तसं पटपट सांगा."

घंटी बराच वेळ वाजली. वाजू दे, उचलू नये, असं दीपमालाबाईंना वाटलं. आणि उचललं नाही तर या बाईला आपण काय तोंड दाखवू, असंही. मग पलीकडून आवाज आला, तरुण, कामाच्या गडबडीतला. "हॅलो, कोण?"

वरिष्ठ लिपिक, नितेशची आई, शासकीय पंच: सांगण्यासारखं त्यांच्यापाशी बरंच होतं. "पायल," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या घरी एकदा आली होती. तू लहान होती. पोलीस आले होते त्या दिवशी. मी अंगणात होती. आत नाई आली मी. कोर्टात आत आली म्हणून सांगितलं, पण नाई आली."

पलीकडची गडबड थांबली. रागिणी जवळ येऊन मोबाइलला कान लावून उभी राहिली, आणि दोघींची कपाळं एकमेकींना टेकली.

"मले माहीत हाय," पायल म्हणाली. "मी तुमच्याजवळच तं बसली होती."